साहेब त्या दिवशी कुठे होते

आमच्या वाचनालयाच्या भिंतीला लागून फ्रेमकाकांचं दुकान आहे. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचताना मी कोणाला पाहिलेलं नाही. सगळ्यांना ते फ्रेमकाका म्हणूनच ठाऊक, आणि त्यांची बायको फ्रेमकाकू, जरी त्या बिचारीने जन्मात एक खिळा ठोकलेला नसला तरी. मी वाचनालयात ग्रंथपाल आहे. मधली भिंत पातळ असल्यामुळे त्यांची हातोडी आणि वाचकांवर चालणारा माझा तोंडाचा पट्टा, दोन्ही एकमेकांना गेली सोळा वर्षं ऐकू येतात.

काका सरळ माणूस, आणि सरळ माणसं असतात तेवढेच हट्टी. चार पट्ट्या जोडल्यावर कोपऱ्यात नख जाईल एवढी फट राहिली तरी पट्टी बाजूला टाकून नवी कापायला घेतात. गिऱ्हाईक म्हणतं, "चालेल हो काका, कोण बघतंय?" काका म्हणतात, "मी बघतोय ना."

त्यांची आणखी एक सवय लोकांच्या डोक्यात जायची. फोटो हातात आला की आधी उलटतपासणी. "कधीचा? कशाचा? कोण कोण आहे?" उत्तरं मिळाल्याशिवाय काचेला हात लावत नसत. मग कानामागची पेन्सिल काढून पाठीच्या पुठ्ठ्यावर तारीख, प्रसंग, डावीकडून उजवीकडे नावं, असं सगळं लिहायचे, आणि त्यावर कागद चिकटवून टाकायचे. तेच काचेच्या मापासकट एका लांब वहीत. त्या वहीला ते मापवही म्हणत. "अहो, आम्हाला माहीत आहे की फोटोत कोण आहे ते," असं कोणी वैतागून म्हटलं तर काकांचं उत्तर ठरलेलं होतं. "आज माहीत आहे. वीस वर्षांनी तुमच्याच घरातलं कोणीतरी विचारेल, हा टोपीवाला कोण म्हणून."

टोपीवाल्यांचं माहीत नाही, पण एक चेहरा मात्र काकांना सांगावा लागत नसे. आमचे आमदार. त्यांच्या दुकानात येणाऱ्या फोटोंपैकी निम्म्या फोटोंत मधोमध साहेबच असत. दुकान उघडलं, बोलवा साहेबांना. लग्न आहे, बोलवा. व्यायामशाळेत नवा आरसा बसवला, तरी बोलवा. साहेब हसरे, हौशी, आणि बोलावलं की येणारे. "आपला माणूस आहे, हाकेला धावतो," असं आम्ही अभिमानाने सांगत असू. त्यांच्या आधीचा आमदार तोंड दाखवत नाही म्हणून आम्हीच त्याला घरी बसवला होता.

असाच एक फोटो काकांच्या घरीही होता, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर. दुकानाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवसाचा. मध्ये साहेब फीत कापताहेत, डावीकडे काका ताठ उभे, आणि उजवीकडे काकू, हातात कात्रीचं तबक घेऊन. तबक उजव्या हातात आहे. हे फोटोत कोणाच्या लक्षात येणार नाही, पण काकांनी त्या फोटोला सगळ्यात चांगली पट्टी वापरली ती त्या हातासाठी.

त्याचं असं झालं की आधीच्या वर्षी काकूंना पक्षाघाताचा झटका आला होता. बोलणं वाचलं, आणि तसं बोलणं वाचल्याबद्दल काका पुढे चेष्टेने हळहळतही असत, पण उजवा हात गेला. आमच्या छोट्या सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक तरुण बाई होती. काकू तिला मास्तरीण म्हणत. आठवड्यातून तीनदा मास्तरीण काकूंकडून टेबलावरचे वाटाणे उचलून घ्यायची, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावून घ्यायची, चिडली की दंडावर चापट मारायची. सहा महिन्यांत काकूंच्या बोटांत तबक धरण्याएवढा जीव आला.

आणि मग दवाखाना बंद झाला. नवीन कायदा झाला होता, कमी रुग्ण येणारे दवाखाने मोठ्या रुग्णालयात मिसळायचे. मास्तरीण बदलून गेली. मोठं रुग्णालय दोन बस बदलून जायच्या अंतरावर, तिथे महिन्यातून एकदा नंबर लागायचा. वर्षभरात काकूंना चिमटा उघडता येईनासा झाला. घास डाव्या हाताने घ्यायच्या आणि उजवा हात मांडीवर ठेवून जेवायच्या, पाहुणा म्हणून आलेल्या मुलासारखा गप्प.

एकदा दुकानात चावीवाला बसला होता. समोरच त्याची टपरी, किल्ल्या बनवतो आणि फावल्या वेळात लोकांची डोकी फिरवतो. तो म्हणाला, "तुमच्या साहेबांनीच त्या कायद्याला हात वर केला होता. सगळे एकाच माळेचे मणी."

"साहेब विरोधात होते," काका म्हणाले. "सभेत स्वतः सांगितलंय त्यांनी."

"सांगायला काय जातंय? जिभेला हाड असतं का?"

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं, आणि चावीवाल्याच्या कृपेने ते काकूंपर्यंतही पोचलं. काकू काकांना म्हणाल्या, "त्या माणसाने माझा हात नेला असेल, तर त्याच्या हसऱ्या तोंडासमोर बसून मी जेवणार नाही. एक तर खरं काय ते बघून या, नाही तर फोटो उतरवा."

"बघितल्याशिवाय उतरवणार नाही," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाचं दार उघडतेय तोच काका पायरीवर. "पोरी, आमदाराने मत काय दिलं ते कुठे बघतात?"

मी इतकी वर्षं लोकांना परीक्षांचे निकाल, बसची वेळापत्रकं, बाळांसाठी नावं, सगळं शोधून दिलंय. हे कोणी विचारलं नव्हतं, आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. कबूल करायची लाज वाटली म्हणून मी ऐटीत "बघावं लागेल" असं म्हणून कॉम्प्युटर चालू केला.

सभागृहाच्या संकेतस्थळावर सगळं होतं. लपवलेलं काहीच नव्हतं, फक्त कोणी बघत नव्हतं. एक तास गेला तो कायद्याचं नाव शोधण्यात. आम्ही 'दवाखाना' शोधत होतो, आणि कायद्याचं नाव होतं 'आरोग्यसेवा सुसूत्रीकरण'. बंद करण्याला सुसूत्रीकरण म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

आधी चर्चा सापडली. साहेब बोलले होते, आणि चक्क विरोधात बोलले होते. "छोट्या गावातल्या आजारी बाईला दोन बस बदलायला लावणार आहात का?" असं त्यांचं वाक्य छापलेलं होतं. काकांनी टेबलावर असा हात मारला की दोन वाचकांनी वर्तमानपत्रं खाली केली. "बघ! आता जाऊन त्या चावीवाल्याच्या कानात ओततो."

"थांबा," मी म्हटलं. "हे भाषण झालं. मत दोन दिवसांनी झालंय."

मतविभाजनाचं पान उघडलं. काकांनी खिशातली मोजपट्टी काढून पडद्याला लावली आणि एकेक नाव खाली सरकत वाचू लागले. बाजूने अठ्ठावन्न. त्यात साहेब नव्हते. काकांचा चेहरा उजळला. विरोधात सत्तावन्न. त्यातही साहेब नव्हते.

"पुन्हा बघ."

पुन्हा पाहिलं. मग खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ दिसली. गैरहजर, चार. त्यात दुसरं नाव साहेबांचं.

सभागृहात बरोबरी झाली की प्रस्ताव पडतो, असा नियम आहे. तो नियमही मीच शोधून काढला, आणि नसता शोधला तर बरं झालं असतं. एक मत. विरोधात आणखी एक मत पडलं असतं तर मास्तरीण आजही चापट मारत असती.

माझं डोकंच फिरलं. "भाषण ठोकायचं आणि मताच्या वेळी गायब! काका, आजच्या आज उतरवा तो फोटो. चावीवाला परवडला."

 काका मोजपट्टी पानाच्या वरच्या टोकाला, तारखेखाली धरून बसले होते.

"ही तारीख मी लिहिलीय," ते म्हणाले.

"कुठे?"

"घरच्या फोटोच्या पुठ्ठ्यावर."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. साहेब त्या दिवशी कुठे होते, हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मी तिथेच दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होते.

"ते म्हणाले होते, त्या दिवशी सभागृहात काम आहे, दुसऱ्या दिवशी येतो," काका सांगत होते, माझ्याकडे न बघता. "मी म्हटलं, पंचवीस वर्षांची तारीख कशी हलवणार? पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो. म्हटलं, बायको आजारपणानंतर पहिल्यांदाच चारचौघांत येतेय, तुम्ही आलंच पाहिजे. शेवटी बरं म्हणाले."

"काका, गैरहजर चार जण होते."

"बाकीचे तिघं माझ्या दुकानात नव्हते."

दुपारी ते मापवही घेऊन आले. का, ते मी विचारलं नाही. त्या वर्षी साहेब अकरा वेळा मताला गैरहजर होते. आम्ही तारखा मापवहीशी जुळवायला बसलो. अकरापैकी आठ तारखा मापवहीत सापडल्या. केशकर्तनालयाचं उद्घाटन. व्यायामशाळेचा तो आरसा. चावीवाल्याच्या मुलीचं लग्न, फोटो मोठा, पट्टी सोनेरी. हे वाचताना मला वाईट आनंद झाला, तो पुढच्या पानापर्यंतच टिकला. पुढच्या पानावर आमच्याच वाचनालयाचा बक्षीस समारंभ होता. त्यासाठी फोन मी केला होता. "साहेब, तुम्ही नाही आलात तर मुलं रडतील," हे माझं वाक्य. मुलं रडली नसती. त्यांना खाऊशी मतलब होता.

शनिवारी साहेब लोकांना भेटतात. काका गेले आणि मला सोबत घेऊन गेले. टेबलावर निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता. काकांनी छापलेलं पान समोर ठेवलं, तारखेवर बोट ठेवलं, आणि फक्त म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे होतात."

साहेबांनी पळवाट काढली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "काका, माझ्या आधीचा आमदार आठवतो? त्याने सभागृहाचा एक दिवस चुकवला नाही. त्याला का पाडलंत?"

"तोंड दाखवत नव्हता."

साहेबांनी पत्रिकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "लग्नाला का आला नाहीत, असं विचारणारे मला हजार भेटले. मताला का नव्हतात, असं विचारायला आलेले तुम्ही पहिले."

"म्हणून काय तुम्ही..." माझा आवाज चढला. काकांनी मला हाताने थांबवलं.

"साहेब, तुम्ही मला नाही म्हणायला हवं होतं."

"म्हटलं होतं काका. दोनदा."

ते खरंच होतं. माझं मत अजूनही असंच आहे की तिसऱ्यांदाही नाहीच म्हणायला हवं होतं. आपण त्यांना निवडून देतो ते त्यासाठीच. पण पायऱ्या उतरताना काका इतके वाकून चालत होते की मी तोंड बंद ठेवलं.

त्यानंतर चार दिवस भिंतीपलीकडून हातोडीचा आवाज आला नाही. पाचव्या दिवशी मी डोकावले. घरचा फोटो दुकानाच्या टेबलावर पालथा पडला होता.

"काकूंना सांगितलंत?"

"काच बदलायला नेतो म्हणालो."

"काचेला काय झालंय?"

"काही नाही."

फट दिसली की पट्टी फेकून देणारा हा माणूस बायकोशी खोटं बोलला होता, आणि ते त्याला पेलत नव्हतं. मी म्हटलं, "काका, नख जाईल एवढी फट नाहीये ही. हात जाईल." ते उठले, फोटो काखेत मारला आणि म्हणाले, "तू पण चल."

काकू टेबलाशीच बसल्या होत्या. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अठ्ठावन्न, सत्तावन्न, चार. तीन चकरा. साहेबांचे दोन नकार. एक शब्द गाळला नाही, स्वतःच्या बाजूचाही एक शब्द घातला नाही.

काकूंनी विचारलं, "म्हणजे माझा हात तुम्ही घालवलात?"

"हो," काका म्हणाले.

मला वाटलं होतं काकू नाही म्हणतील. तसं काही झालं नाही. त्या रडल्या, चांगल्या हमसून रडल्या, आणि काका हातातला फोटो कुठे ठेवावा ते न कळून तसेच उभे राहिले. मलाही रडू आलं. मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचे तीन ग्लास भरले.

परत आले तेव्हा फोटो काकूंच्या मांडीवर होता. त्या त्यातला स्वतःचा हात बघत होत्या. "साहेब येणार म्हणून मी घराबाहेर पडले होते," त्या म्हणाल्या. "नाही तर नसतेच पडले. आरशासमोर तासभर तबक धरून उभी राहिले होते आदल्या दिवशी. तुम्हाला सांगितलं नाही." मग डोळे पुसून म्हणाल्या, "टांगा तिथेच. आणि काच बदलायचं काय सांगत होतात? खोटं बोलायला शिकायचं हे वय आहे का तुमचं? धड जमतही नाही."

फोटो टांगला, तरी दोन दिवस त्या काकांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मीठ मागितलं.

पुढच्या वर्षी आमच्या वाचनालयाची नवी खोली तयार झाली. अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, तारीख ठरवून मोकळे झाले आणि मला म्हणाले, "साहेबांना फोन करा." मी आधी सभागृहाचं वेळापत्रक उघडलं. त्या दिवशी बैठक होती, आणि विषयपत्रिकेवर छोटे दवाखाने पुन्हा उघडण्याचा ठराव. काका वाचनालयाच्या समितीवर आहेत. ते म्हणाले, साहेबांना यायला सांगायचं नाही. अध्यक्ष भडकले. "मग कार्यक्रमाला शोभा काय? आणि फीत कोण कापणार?" तारीख बदलायची सूचना मी केली, तर म्हणाले, पत्रिका छापायला गेल्यात. बरीच वादावादी झाली. शेवटी काका म्हणाले, "पत्र आमच्याकडून जाईल."

ते पत्र काकूंनी लिहिलं. उजव्या हाताने. चार दिवस लागले, आणि अक्षर म्हणजे शुद्ध कोंबडीचे पाय. मास्तरीण असती तर पुसून पुन्हा लिहायला लावलं असतं. मी शेजारी बसून "मी लिहू का?" असं विचारलं, तेव्हा मला जी नजर मिळाली ती मी वाचकांवर वापरते तीच होती. पत्रात एकच वाक्य होतं.

'आमच्या वाचनालयाच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाला आपण येऊ नये, ही आग्रहाची विनंती.'

खाली तारीख, आणि सही.

साहेब आले नाहीत. फीत काकूंनी डाव्या हाताने कापली. कात्री दोनदा घसरली, अध्यक्ष मदतीला पुढे झाले, आणि काकांनी त्यांच्या कोटाची बाही धरून त्यांना मागे ओढलं. नंतर फोटोसाठी सगळे खुर्च्यांवर बसले. सवयीने आम्ही मधली खुर्ची मोकळी सोडली होती. फोटोवाला म्हणाला, "ती काढून टाकू का? मध्ये भगदाड दिसतंय."

"राहू दे," काकू म्हणाल्या. "ती साहेबांची आहे."

दुसऱ्या दिवशी काका पायरीवर हजर. आम्ही पान उघडलं. मोजपट्टीची गरज पडली नाही, साहेबांचं नाव बाजूने मत देणाऱ्यांत वरून पाचवं होतं. ठराव मात्र नऊ मतांनी पडला. आमचा दवाखाना अजून बंदच आहे, आणि काकू अजून दोन बस बदलून जातात. काकांनी ते पान दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि काकूंना सांगायला घरी गेले.

आठवड्याने मी उद्घाटनाचा फोटो फ्रेमला घेऊन गेले. काकांनी तो उजेडात धरला आणि, जसं काही ते तिथे नव्हतेच, विचारायला सुरुवात केली. "कधीचा? कशाचा? कोण कोण आहे?" मी मुकाट्याने सगळं सांगितलं. ते पुठ्ठ्यावर डावीकडून एकेक नाव लिहीत गेले. अध्यक्ष. मी. काकू. मधल्या खुर्चीपाशी पेन्सिल थांबली. मग त्यांनी लिहिलं, 'साहेब, हजर', आणि उरलेली नावं विचारली.